तोट्यातली एक ओळ

"इथल्या तोट्यांत काय लिहू, बाबा?" लेकीने पेन्सिलचं टोक चावत विचारलं.

टेबलावरच्या कागदाला मधोमध रेघ होती. एकीकडे शहरातलं जुनं मेडिकल कॉलेज, दुसरीकडे शहराबाहेरचं नवं. दोन्हीकडे नंबर लागला होता. पाच वाजेपर्यंत एकाला होकार कळवायचा होता. जुन्या कॉलेजच्या विच्छेदनगृहात वडील एकोणतीस वर्षं शिपाई होते. मुलं त्यांना मामा म्हणत.

"लिही, होस्टेल गळतं. मोठे सर फार ओरडतात."

"आणि चांगलं?"

"पेशंटची रीघ. शिवाय दहा मुलांमागे एक देह."

'बॉडी' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. रोज सकाळी चादर सारायच्या आधी ते प्रत्येक देहाचे पाय ओल्या फडक्याने हलकेच पुसत. नव्या मुलांनाही पहिल्या दिवशी तेच करायला लावत.

"नव्याकडे सगळं चकाचक, पण देह एकही नाही. पडद्यावरच शिकायचं," लेक म्हणाली. "मी इथेच येते. तुम्हीही असाल."

ओट्यापाशी आईचे हात थांबले. "अहो, सांगा की तिला."

"काय सांगायचंय?" लेकीने विचारलं.

वडील कागदाकडे बघत म्हणाले, "देहदानाचा फॉर्म भरलाय मी. आपल्याच कॉलेजात. सहा वर्षं झाली."

लेकीने पेन्सिल कागदावर टेकवली. मग हळूच म्हणाली, "हे तोट्यात लिहू?"

"काहीतरीच!" आई म्हणाली. "इतक्यात कुठे जातायत! माळा आवरायचाय अजून त्यांना."

"तरी सांगता येतं का?" वडील म्हणाले. "पाय पुसायला हिची पाळी नको यायला."

"मग फॉर्म परत घ्या ना, बाबा."

"देतो म्हटलंय गं एकदा."

त्यांनी कागद आपल्याकडे ओढला. मग पेन्सिल घेतली आणि नव्या कॉलेजच्या तोट्यांतली 'देह नाही' ही ओळ नीट, सरळ खोडली.

"तू इथलं कळवून टाक. मी नव्या कॉलेजात जाऊन माझा फॉर्म तिथला करून घेतो."

ते चपला घालू लागले. आईने पदराला हात पुसले आणि ती चष्मा शोधू लागली.

"तू कुठे निघालीस?"

"संमतीची सही लागेल ना माझी," ती म्हणाली.