दगडावरचा जांभळा रंग

बँकेनं व्हीआरएस दिली तेव्हा लोकांनी फ्रीगंजच्या बाजारात दुकानं टाकली. आमच्या यांनी घरात समुद्र आणला. काचेची लहानशी टाकी, मुंबईहून मागवलेलं मीठ, दगड, दोन मासे आणि थोड्या गोगलगायी. उज्जैनला नळ एक दिवसाआड येतो, अन् हे समुद्र घेऊन बसले. मी खूप बोलले, पण ऐकतंय कोण.

यांना हवं होतं दगडांवर चढणारं जांभळं शेवाळ, कवचासारखं टणक. एका दगडावर थोडंसं आलं होतं, ते खरवडून हे बाकीच्यांवर पसरवायचे. ते चुन्यावर वाढतं म्हणून पानाच्या चुन्याची निवळी सलाइनच्या नळीतून थेंब थेंब सोडायचे.

मग यांना अटॅक आला. दवाखान्यातून आले ते थेट आतल्या खोलीत. डॉक्टरांनी पलंगावरून उठायची मनाई केली. मला बजावलं, "इनको टेंशन मत देना." निवळीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"सगळे दगड जांभळे झाले की मी उठलोच समज," हे म्हणाले. थट्टाच ती. पण माझ्या मोठ्या नणंदेनं, जयूवन्संनी, ते मनाला लावून घेतलं. भावाला बघायला त्या रोज देवास गेटहून यायच्या आणि आधी टाकीपुढे हात जोडायच्या.

रंग वाढायचा सोडून फिका पडायला लागला. गोगलगायी काचेवरून सुटून तळाशी पडल्या. निवळी वाढवली, कमी केली, पाणी बदललं. दगड पांढरेफटक होत चालले.

"चारू, रंग कुठवर आला?" हे आतून रोज विचारायचे.

"येतोय. घाई कसली मेली?" मी खेकसायचे. खरं सांगते, मला फार भीती वाटत होती.

आज सकाळी मागचा दगड हलवला, तर खाली तांब्याचे जुने पैसे. ओंजळभर, हिरवे पडलेले.

तेवढ्यात राम घाटावरून जयूवन्सं आल्या. त्यांच्या मुठीत आणखी एक पैसा होता.

"वन्सं, हे तुम्ही टाकले?"

"नवस आहे गं भावासाठी, माझ्या यज्ञूसाठी. क्षिप्रामाईत सोडतो, मग घरच्या समुद्राला नको? आधी सोमवारी एक टाकायचे, रंग जायला लागला तशी रोज टाकायला लागले."

"तांब्यानं मरतं ते सगळं. देवाचा तांब्यासुद्धा इथे आणायचा नाही, असं हे पहिल्याच दिवशी म्हणाले होते."

"मला कुणी नाही सांगितलं," त्या म्हणाल्या आणि खाली बसून रडायला लागल्या. खरंच, कुणी सांगितलं नव्हतं.

"चारू," आतून आवाज आला, "जयूताई का रडतेय? रंग गेला का?"

वन्संनी माझा हात घट्ट धरला. जन्मात पहिल्यांदा मी यांच्याशी हळू आवाजात बोलले.

"नाही हो. चढला. सगळे दगड जांभळे झाले, म्हणून रडतायत."

आत पलंग करकरला.

"मग थांबा तिथेच," हे म्हणाले, "मी येतो बघायला."