वाक्य खरं हवं

हिंदमाताला साड्यांच्या दुकानावर इरावतीचा स्पॅनिशचा क्लास होता आणि तिथे तिचा एक खडूस नियम होता. शब्दाला वाक्य करायचं ते त्याच आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. पुस्तकातलं चालायचं नाही. आई जाऊन दोन महिने झाले होते. तेरावं उरकून चौदाव्या दिवशी ही बाई फळ्यापाशी हजर. लोक म्हणाले, धीराची आहे हो. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं.

शनिवारी सकाळी नऊच्या बॅचला तिने फळ्यावर शब्द लिहिला, ‘तोर्सिदो’. तिरकं, वाकडं, एका बाजूला कललेलं. भिंतीवरचा फोटो तिरका लटकला तर तोर्सिदो, ओढलेली रेघ कलली तर तोर्सिदो, आणि माणसाची नियत वाकडी असली तरी हाच शब्द.

“मग माझा बॉस चालेल, मिस?” शॅननने विचारलं. वर्ग हसला.

नंतर पुष्कर उठला. परळला राहणारा, बँकेत नोकरीला, गृहपाठाच्या नावाने कायम बोंब. आज मात्र अडखळत का होईना, अख्खं वाक्य बोलला: आज सकाळी माझ्या आईचं तोंड वाकडं आहे.

“‘बोका’ म्हणजे तोंड, स्त्रीलिंगी, म्हणून तोर्सिदा. करेक्ट. पुढे.”

पुढची मुलगी दारावरच्या कललेल्या पाटीबद्दल सांगू लागली. इरावती मान डोलावत होती. मधेच तिने खडू खाली ठेवला.

“पुष्कर, खरं आहे हे?”

“हो मॅडम, तुमचाच रूल ना. आत्ता निघताना बघितलं. चहा पण ओघळत होता तोंडातून. ती बोलली, रात्री पंख्याचं वारं लागलं असेल, तू जा क्लासला.”

“घरी कोण आहे?”

“कोणी नाही.”

“ऊठ. टॅक्सी बघ.”

वर्ग तसाच बसून राहिला. टॅक्सीत पुष्करचा चेहरा उतरला. “मॅडम, सिरियस आहे का?”

“माझ्या आईने फोन केला होता,” इरावती म्हणाली. “नीट बोलता येत नव्हतं तिला. मी म्हटलं, क्लास संपवून येते. संपवून गेले.”

बातम्या वाचाव्यात तसा तिचा आवाज होता.

परळहून पुष्करच्या आईला घेऊन ते थेट हॉस्पिटलात गेले. दुपारी डॉक्टर बाहेर आले. मेंदूत गुठळी होती, म्हणाले, पण वेळेत आणलंत. पुष्कर तिथेच भिंतीला टेकून रडायला लागला. इरावतीला वाटलं, आता आपल्यालाही रडू येईल. आलं नाही.

तो औषधं आणायला खाली गेला, तेव्हा ती कॉटपाशी एकटीच होती. पुष्करच्या आईंनी डोळे उघडले आणि चांगल्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं. ना ओळख ना देख. इरावतीने खाली वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

“आले गं आई,” ती म्हणाली. “क्लास टाकून आले.”