नखाएवढा चेहरा

समोरच्या माणसाला पाहायचं असलं की माझी अक्का त्याच्याकडे पाहत नाही. मान किंचित वळवून ती त्याच्या खांद्यापलीकडच्या मोकळ्या जागेवर नजर ठेवते, आणि मग तो माणूस डोळ्याच्या कडेने तिच्यात हळूहळू उतरतो. माघातल्या सकाळी, टेंभुर्णीच्या मळ्यात मोसंबीच्या फुलांचा उग्रगोड वास दाटलेला असताना, ओट्यावर अशी तिरपी बसलेली अक्का पाहिली की नवख्या माणसाला वाटतं, बाई तोंड चुकवतेय. खरं तर त्या क्षणी ती जिवाच्या आकांताने पाहत असते.

तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग काही वर्षांपासून झिजत गेला. डॉक्टरांनी यावर इलाज नाही म्हणून सांगितलं. कडांची नजर राहील, मधली परत येणार नाही. तेव्हापासून तिच्या जगाला ऐन मध्यात एक धुरकट भोक पडलं. झाड दिसायचं, पण ज्या फुलाकडे पाहावं तेवढंच नाहीसं व्हायचं. माणूस चालीवरून, अंगलटीवरून ओळखू यायचा, आणि चेहऱ्याच्या जागी राखेचा डाग असायचा. दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा चेहराही त्या डागात गेला. चाळीस-एक वर्षांच्या संसारात जो चेहरा तिने कधी मुद्दाम पाहिला नव्हता, तो दिसेनासा झाल्यावर ती त्याच्यासाठी झुरू लागली.

तिचा मुलगा महेश पुण्याला नोकरीला असतो. नवा फोन घेतल्यावर त्याने आपला जुना डिजिटल कॅमेरा घरी टाकून ठेवला होता. एका दिवाळीत अक्काने तो सहज हाती घेतला, पायरीवर मोसंबी सोलत बसलेल्या दाजींच्या दिशेने धरला आणि कळ दाबली. मग महेशने दाखवलेल्या दुसऱ्या कळीने फोटो मोठा करत करत, कॅमेरा पार डोळ्याच्या कडेशी नेऊन तिने पाहिलं. आधी एक भुवई आली. मग नाकाची धार, गालावरचा तीळ, ओठांच्या कोपऱ्यातली सुरकुती. अख्खा चेहरा तिला एकदम कधीच मिळाला नाही. तुकडे वेचून, मनातल्या मनात एकमेकांना जोडून ती तो उभा करायची. ओढ्याच्या पात्रात पडलेली वस्तू चाचपून शोधावी तशी तिची बोटं त्या बारीक कळांवर फिरत. फोन तिला कधी जमला नाही, त्याच्या गुळगुळीत काचेवर बोटाला काही लागायचंच नाही. कॅमेऱ्याच्या कळा मात्र तिला अंधारातल्या चुलीसारख्या पाठ झाल्या.

मग त्या घरात दिवसभर कॅमेऱ्याचा तो नाजूक टुक् असा आवाज उमटू लागला. दाजी अबोल माणूस. मोसंबीच्या झाडाशी ते जेवढं बोलत तेवढंही माणसांशी बोलत नसत. पण तो आवाज आला की हातातलं काम थांबवून, उन्हाकडे तोंड करून ते निमूट उभे राहत. एकदा मी अंबडहून गेलो होतो तेव्हा माझ्यादेखत त्यांनी विचारलं, “झालं का आमचं तोंड पाहून? जाऊ का आता पाण्याकडं?” अक्का लाजली. त्या वयात, माझ्यासमोर, ती अशी लाजली की मीच उठून बाहेर गेलो.

गेल्या पावसाळ्यात दाजी गेले. बांधावर बसले होते, तिथेच कलंडले. घरात त्यांचा एक मोठा फोटो आहे, मिशा कोरलेला, टोपी सरळ केलेला. अक्काला तो नकोसा वाटायचा. तो ह्यांचा न्हाई, फोटोला बसलेल्या माणसाचा आहे, असं ती म्हणायची. दुपारच्या ओसरत्या उन्हात ती कॅमेरा घेऊन बसे, आणि न सांगता टिपलेले दाजी, पाटाचं पाणी वळवणारे, बैलाच्या पाठीवर हात ठेवून दूर पाहणारे, तुकड्यातुकड्यांनी तिच्याकडे परत येत. कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर उतरवून ठेवायचे राहिले होते. महेश पुढच्या खेपेला करू म्हणाला होता, आणि त्याच्याकडे कॅमेरा सोपवायला तिचंही मन होत नव्हतं.

एके दिवशी हौदाच्या कठड्यावर ठेवलेला कॅमेरा पाण्यात पडला. तिने काढला, पदराने पुसला, उन्हात वाळवला. चालू केल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. ती तिला दिसतही नव्हती आणि वाचताही येत नव्हती. घाबरून तिने हाताला ठाऊक असलेल्या सगळ्या कळा एकामागून एक दाबल्या. मग मला फोन केला. तिचा आवाज अगदी शांत होता, म्हणूनच मला धास्ती वाटली. “अरे, हे दिसून न्हाई राह्यले,” ती म्हणाली. “मी काहीतरी दाबलं.”

पाण्याने कॅमेऱ्यातलं फोटो साठवायचं कार्ड गेलं की कळ दाबल्याने फोटो पुसले गेले, हे अखेरपर्यंत कुणाला सांगता आलं नाही. जालन्याला असली कामं करणारं एक दुकान आहे. तिथल्या गृहस्थांनी कार्ड ठेवून घेतलं, काही दिवसांनी या म्हणाले. त्या दिवशी अक्का माझ्यासोबत यायला निघाली तेव्हा मी तिला थांबवलं नाही. बसमध्ये खिडकीशी ती काचेबाहेर नव्हे, काचेच्या कडेकडे पाहत बसली होती. करडईची पिवळी रानं तिच्या नजरेच्या काठाने सरकत होती.

दुकानदार भला माणूस होता. त्यांनी अक्काला खुर्ची दिली आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. मोठे फोटो निघाले नव्हते. जे थोडे निघाले त्यांत वरती आभाळाची एक पट्टी आणि खाली सगळा राखाडी रंग. मात्र प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा त्याचा एक बारीक नमुना ठेवत असतो, त्यातले काही शाबूत होते, असं त्यांनी समजावून सांगितलं. पडद्यावर ते नखाएवढे चौकोन ओळीने उमटले आणि मला दाजी दिसले. पायरीवरचे, पाटाजवळचे, उन्हाकडे तोंड करून उभे. एवढेसे होते, पण दाजीच होते.

“मोठं करा,” अक्का म्हणाली.

त्यांनी केलं. चेहऱ्याच्या कडा विरघळल्या. अक्काने मान तिरपी केली, खुर्ची पुढे ओढली, कानशील जवळजवळ पडद्याला लावलं. अजून मोठं, ती म्हणाली. त्यांनी अजून मोठं केलं, आणि दाजींचा चेहरा फुटून त्याचे तपकिरी, पांढरे, काळपट चौकोन झाले. भुवई राहिली नाही, तीळ राहिला नाही. आता हे एवढंच, असं दुकानदार फार हळू आवाजात म्हणाले. मी तिच्या पाठीमागे उभा होतो. माझ्या धडधाकट डोळ्यांची मला त्या वेळी शरम वाटली. तिला पाहायला जेवढा मोठा हवा होता, तेवढा तो चेहरा होऊ शकत नव्हता. आणि तो जेवढा होता, तेवढ्यात तिची नजर पोचत नव्हती. या दोहोंच्या मधलं अंतर कुणालाच भरून काढता येणार नव्हतं.

अक्काने त्या चौकोनांवर तळवा ठेवला.

“पुन्हा लहान करा त्यांना,” ती मग म्हणाली. “लहान असले म्हंजे तुम्हाला तरी दिसतेत.”

दुकानदारांनी ते बारीक फोटो माझ्या फोनवर उतरवून दिले होते. परतीच्या वाटेवर तिने मला त्या फोटोंतले दाजी कसे दिसतात ते सांगायला लावलं. मी सांगू लागलो. मिशा पांढऱ्या आहेत, डोळे बारीक केलेत, कपाळावर ऊन आहे. हसून राह्यलेत का, तिने विचारलं. मला ते सांगता येईना. एवढ्याशा फोटोत हसणं आणि ऊन सोसणं सारखंच दिसत होतं. खोटं सांगायला जीभ वळली नाही, खरं मला ठाऊक नव्हतं.

अजूनही मी गेलो की ती मला ते फोटो पाहायला लावते आणि माझ्या बोलण्याकडे कान लावून, दूर कुठेतरी पाहत बसते. मी शब्द शोधत राहतो, आणि शब्दागणिक दाजी कुठल्याही म्हाताऱ्या माणसासारखे होत जातात. माझ्याजवळ त्यांचा चेहरा आहे, तो मला तिच्यापर्यंत नेता येत नाही. तिच्या मनात ते संपूर्ण आहेत, तिथे मला शिरायला वाट नाही. गेलेला माणूस प्रत्येकाला वेगळा गमवावा लागतो. शेजारी बसलेली दोन माणसंही ते नसणं वाटून घेऊ शकत नाहीत, आणि दुपार आमच्या दोघांवरून सारखीच सरकत राहते.