हवेत आवळलेला बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना बुश आहे. मुठीएवढा, काळा, रबराचा. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मधे मी. सध्या मिशिगनमधल्या एका गॅरेजात, कॉफीच्या रिकाम्या डब्यात पडून आहे. माझा घात झाला, आणि तो परक्याने केला नाही.

माझा जन्म अ‍ॅक्रन गावचा, एकोणीसशे एकोणसत्तर सालचा. तिथून डेट्रॉइटला आलो आणि एका लाल, दांडग्या गाडीच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या मुळाशी बसलो. चाक खड्ड्यात आपटलं की धक्का मधेच पिऊन टाकायचा, हे माझं काम. लोक बॉनेट उघडून इंजिनाचं कौतुक करत. मला वाईट वाटत नसे असं म्हणणार नाही.

गाडी नवी कोरी घेतली ती कॅझिमिर वोयटाकने. गाड्यांच्या कारखान्यात तो हेच दांडे बसवायचा. नव्या कामगारांना त्याचं एकच सांगणं असे, "चाकं जमिनीला टेकू दे, गाडीचं वजन तिच्या पायांवर येऊ दे, मग बोल्ट आवळ. हवेत आवळलास तर रबर जन्मभर पिळलेलं राहील." असा मालक मिळाल्यावर मी निर्धास्त होतो.

त्याची बायको बर्नडीन. तिच्या पाठीची दोनदा शस्त्रक्रिया झाली आणि नंतर तिला दुसरी कुठलीच गाडी सोसेना. दर रविवारी चर्चहून आल्यावर कॅझिमिर तिला टोलीडोला, तिच्या बहिणीकडे आयरीनकडे न्यायचा. तिच्या मांडीवर पाँचकीचा, म्हणजे तळलेल्या गोड पोलिश डोनटांचा, खोका असे. हिवाळ्याने फोडलेला रस्ता मी तिच्यापर्यंत पोचू दिला नाही. "कॅझ, या गाडीत माझी पाठ माझ्यावर रुसत नाही," ती म्हणायची. शाबासकी कॅझिमिर घ्यायचा, पण ती माझी होती.

मग एका ऑगस्टमध्ये, जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीच्या सकाळी, त्याने पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली, माझा बोल्ट सैल केलेला. मित्र नॉर्बर्ट दारात उभा राहून घाई करत होता. "वरच आवळून टाक ना. की कारखान्याचा साहेब येऊन तपासणार आहे?"

कॅझिमिर पाना हातात धरून क्षणभर थांबला. मला वाटलं, हा आता नाही म्हणेल. त्याने आवळला. गाडी खाली आली आणि मी ओल्या टॉवेलासारखा पिळला गेलो.

तसाच वर्षभर राबलो आणि फाटलो. गाडी कुरकुरू लागली. नॉर्बर्ट म्हणाला, रबर हे आजीबाईंचं काम, कडक प्लॅस्टिकचे बुश लाव, वळणावर गाडी रस्त्याला कशी चिकटते बघ. कॅझिमिरने मान डोलावली. रबर कुजलंय, म्हणाला. पन्नास वर्षं मी त्याच्या घरचे धक्के खाल्ले आणि मला कुजका म्हणाला. नवे लाल बुश बसले. त्यांचा दोष नाही. शर्यतीला ते उत्तम. पण धक्का पिणं त्यांना जमत नाही.

पहिल्या रविवारचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. हमरस्त्यावर बर्नडीनने दाराची मूठ घट्ट पकडली. थोडं पुढे गेल्यावर हळूच म्हणाली, "कॅझ, मागे फिर. मला घरी सोड आणि तू जाऊन ये. आयरीनला मी फोन करते."

संध्याकाळी परत आल्यावर त्याने मला डब्यातून काढून खिडकीपाशी धरलं. माझ्या फाटण्याची रेघ सगळी एकाच दिशेला फिरलेली होती, हवेत आवळलेल्या रबराची असते तशी. ती वाचायला त्याला वेळ लागला नाही. त्याचा अंगठा त्या रेघेवर थांबला.

तेवढ्यात काठी टेकत बर्नडीन दारात आली. "काय झालं होतं रे त्याला?"

"काही नाही," तो म्हणाला. "जुना झाला होता." आणि त्याने मला डब्यात टाकून झाकण लावलं.

मित्रांनो, मला जुना म्हणा, तो मी आहेच. पण तुमच्या घरातलं काही फाटलं तर त्याच्या वयाला नावं ठेवण्याआधी, ते आपण कसं आवळलं होतं, एवढं आठवून बघा. दर रविवारी गाडी निघते ती मला डब्यातून ऐकू येते. आता एकच दार लागतं, कॅझिमिरच्या बाजूचं.