आईचं माहेरचं नाव

"हं, पुढची कोण?" गुन्स्टेनने विचारलं आणि दोन्ही हातांचं एकेक बोट कीबोर्डवर उगारून धरलं.

सोलरुन शेगडीपाशी पाठमोरी उभी राहून पॅनकेक उलटत होती. कान मागे लागले होते आणि हात आपलं काम करत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ही एक कला तिला चांगली साधली होती.

टेबलावर संगणक, त्याच्यासमोर तिचा नवरा गुन्स्टेन, आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवरून माना घुसवून बघणारे बेर्सी आणि केतिल. तिघेही गावच्या बचाव पथकातले. गुन्स्टेन पथकाचा प्रमुख. घाटात गाडी बर्फात रुतली, मेंढरं कड्यावर अडकली, कुणाची होडी वेळेत परतली नाही, की लोक आधी गुन्स्टेनला फोन करायचे आणि मग देवाला. पथकाची बैठक केव्हाच आटोपली होती. आता खेळ चालला होता.

गेल्या शरदापासून इंटरनेटवर एक ब्लॉग निघाला होता, ‘बटाटे उकडेपर्यंत’. लिहिणारी बाई स्वतःचं नाव सांगत नव्हती, गावाचंही नाही. पण घाट बंद झाला की विमानाकडे डोळे लावून बसणं, दुकानात आठवड्यातून एकदा येणारी भाजी, असल्या गोष्टींवरून ती याच खाडीकाठची असणार हे सगळ्यांनी ताडलं होतं. बाई लिहायची नवऱ्याबद्दल. नुसत्या मोज्यांवर तिला बर्फात काढून तो दार लावून घेतो, आणि चार माणसांत इतका गोड वागतो की बायका तिचा हेवा करतात. पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या टाक्यात गळ्यापर्यंत बुडून गावच्या बायका दुसरं काही बोलतच नव्हत्या. कोण असेल बिचारी? सोलरुनही त्यांच्यात बसून "कोण असेल बाई," म्हणायची.

बायकांना तिची कीव आली. पुरुषांना त्यात खेळ दिसला.

लॉग-इनच्या चौकटीत ब्लॉगचं नाव टाकायचं आणि पासवर्ड विसरलो म्हणून कळवायचं, की ती साइट एक प्रश्न विचारायची. आईचं माहेरचं नाव काय? उत्तर जमलं की दार उघडलंच. बाईचं खरं नाव, पत्ता, अर्धवट लिहून ठेवलेलं, सगळं समोर. ही साइट काढणारे लोक कुठल्या तरी परक्या देशातले असणार, जिथे लग्न झालं की बाईचं आधीचं नाव कुणाला आठवत नाही. आइसलँडमध्ये लग्नाने बाईचं नाव बदलत नाही. बापाच्या नावाला ‘दोत्तिर’, म्हणजे लेक, जोडून जे नाव मिळतं तेच थडग्यावर जातं. आणि कुणाची आई कुणाची लेक हे तर इथल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ. असल्या देशात असला प्रश्न म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली बाहेरच्या खुंटीला टांगणं. तरी सोलरुनने खातं उघडताना खरं तेच उत्तर लिहिलं होतं. विचारलं तर खरं सांगावं, एवढंच तिला शिकवलेलं होतं. भोळी म्हणा, नाहीतर मूर्ख म्हणा.

"ह्रेफ्ना टाक," बेर्सी म्हणाला. "दुकानातली. नवरा कसा वस्सकन ओरडतो तिच्यावर!"

"तिची आई ऑस्गेर्दुर. म्हाताऱ्या होग्नीची पोर," केतिलने लगेच पुरवलं.

टकटक. पडद्यावर लाल अक्षरं आली. उत्तर चुकलं.

"जाऊ दे, आता आमचीच टाक," बेर्सी म्हणाला. "आल्फदीस. आई स्वान्हिल्दुर ब्रांद्सदोत्तिर. बघू तरी आमची बया आमच्याबद्दल काय काय लिहिते!"

टकटक. पुन्हा लाल.

"वाचलास लेका," केतिलने त्याच्या पाठीत धपाटा घातला. बेर्सी जरा जास्तच मोठ्याने हसला.

"आणि घरचं?" केतिल म्हणाला. "दिव्याखालीच अंधार असतो म्हणतात, गुन्स्टेन."

सोलरुनची आई गुड्फिन्ना मार्कुसदोत्तिर. आईचं नाव या घरात सगळ्यांना माहीत होतं. केतिललासुद्धा. तिच्या मयतीला शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तो होता. नुसतं टाकायचा अवकाश होता. तव्यावरून धूर निघायला लागला तरी तिचा हात हलेना.

गुन्स्टेनने खुर्ची मागे वळवली. "हिचं? अरे, हिला टीव्हीचा रिमोट धड चालवता येत नाही. काय गं राणी?"

"नाही येत," सोलरुन म्हणाली. हसलीसुद्धा.

"पॅनकेक करपला बघ," तो मायेने म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे वळला. त्याने शाळेतल्या एका बाईंचं नाव टाकलं, मग बंदराजवळच्या एका तरुण बायकोचं. त्यानंतर साइटने कळवलं की आजचे प्रयत्न संपले, उद्या पुन्हा या.

"उद्या तर उद्या," गुन्स्टेन म्हणाला. "गाव ते केवढं, आणि त्यात बायका त्या किती."

दोघं गेल्यावर त्याने स्वतः कप विसळले. सोलरुन टेबल पुसत राहिली. एकच डाग पुन्हा पुन्हा पुसत राहिली. तो जवळून गेला तेव्हा तिने अंग चोरलं, पण त्याने काहीच केलं नाही. "झोप आता, राणी," एवढंच म्हणाला. घरात तिसरं माणूस नसताना हा शब्द त्याने कधी उच्चारला नव्हता. मारलं असतं तरी ती एवढी घाबरली नसती.

सोलरुन गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. घरच्या संगणकाला ती कधी हात लावत नसे. सकाळी मोठ्या पातेल्यात मुलांच्या जेवणाचे बटाटे चढवायचे, आणि ते होईपर्यंत शाळेच्याच वाचनालयातल्या संगणकावर बसून लिहायचं, हा तिचा शिरस्ता. ब्लॉगचं नावही त्यावरूनच पडलं होतं.

त्या सकाळी मात्र लिहायचं नव्हतं. प्रश्नाचं उत्तर बदलायचं होतं. मार्कुसदोत्तिर पुसून तिथे काहीही टाकायचं, अगदी कोबी टाकला तरी चालेल. एवढं केलं की बसा म्हणावं नावं टाकत जन्मभर. तिने खात्याच्या सेटिंगचं पान उघडलं. या पानावर ती पूर्वी कधी फारशी फिरकली नव्हती. उत्तराची चौकट शोधता शोधता तिला ‘अलीकडचे प्रवेश’ असं काहीतरी दिसलं.

कोण केव्हा आत आलं आणि कुठल्या संगणकावरून, ते तिथे लिहिलेलं होतं. तिच्या स्वतःच्या रोजच्या येण्याजाण्यापुढे हाच एक संगणक होता, शाळेचा. काल संध्याकाळच्या फसलेल्या प्रयत्नांपुढे दुसरा. म्हणजे घरचा. इथवर तिच्या ध्यानात आलं. पण घरच्याच संगणकापुढे आणखी एक नोंद होती, रविवार दुपारची. ती फसलेली नव्हती. प्रश्नाचं उत्तर बरोबर देऊन कुणीतरी आत आलं होतं आणि बराच वेळ थांबलं होतं.

रविवारी दुपारी सोलरुन तलावावर गेली होती. "जा, शेकून ये जरा," असं त्यानेच सांगितलं होतं.

म्हणजे त्याला माहीत होतं. काल टेबलापाशी बसून गावच्या एकेका बाईची आई काढत होता तेव्हाही माहीत होतं. तिच्या आईचं नाव त्याने टाकलं नाही, कारण ते त्याने आधीच टाकून झालं होतं. काल तो कुणाला शोधत नव्हताच. तिची पाठ बघत बसला होता.

आणि आत अर्धवट लिहून ठेवलेलं एक टिपण होतं, कुणाला न दाखवलेलं. गुरुवारी हवा ठीक असली आणि विमान आलं तर मी जाईन. अकुरेरीला मावसबहिणीकडे. त्याच्या पथकाचा सराव आहे, संध्याकाळपर्यंत त्याला कळणार नाही. तिने ते मनाचा धीर बांधायला लिहिलं होतं. आज बुधवार. सोमवारी त्याने गुरुवारचा सराव रद्द केल्याचं जेवताना सहज सांगितलं होतं. ब्रेक वाजतात म्हणून तिच्या गाडीची किल्लीही त्याच दिवशी काढून घेतली होती. तिने दोन्ही खरं मानलं होतं.

आता कुठे जायचं? घाट बंद होता. उघडला की पहिली गाडी कुणाची गेली हे आधी त्याला कळायचं. धावपट्टीवरचा माणूस त्याच्या पथकातला. या मुलखात कुणी हरवलं की शोधायला निघणारा तोच, मग त्याच्यापासून हरवायचं कसं? तिला ओरडावंसं वाटलं. तोंडातून आवाज निघाला नाही.

पानाच्या तळाशी लिहिलेलं होतं, ‘खातं कायमचं काढून टाका’. तिचा हात आपोआप तिकडे गेला. सगळं पुसून टाकावं. घरी जाऊन म्हणावं, चुकले, पुन्हा नाही लिहिणार. कदाचित तेवढ्यावर भागेल.

मग तिला कळलं की कालचा सगळा तमाशा यासाठीच होता. तिने घाबरावं, धावत इथे यावं आणि आपल्याच हाताने पुसून टाकावं. त्याला बोटही लावावं लागणार नव्हतं. मागे उरणार होती फक्त दोन माणसं, तो आणि ती, आणि मधे बंद दार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि इथे तर तोंडही तिचं तिनेच दाबायचं होतं.

ती पान वर वर सरकवत राहिली. काय शोधतेय हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. सगळ्यात वर एक साधी चौकट होती, लेखाखाली दिसणारं नाव. तिथे आजवर ‘एक बाई’ असं होतं. सोलरुनने ते पुसलं आणि आपलं नाव लिहिलं, सोलरुन एविंद्सदोत्तिर. पुढे गावाचं नाव लिहिलं. साइटने विचारलं की हे नाव आधीच्या सगळ्या लेखांखाली दिसेल, चालेल का? ती फार धीट झाली होती असं कुणी समजू नये. त्याच्यासोबत एकटं राहण्याची भीती आता सगळ्या गावासमोर उघडं पडण्याच्या भीतीहून मोठी झाली होती, एवढंच. तिने होय म्हटलं. मग गुरुवारचं टिपणही सगळ्यांना दिसेल असं करून टाकलं.

बटाटे फुटून पार पीठ झाले होते.

मुलं रांगेत आली. सोलरुन ताटांत मासा वाढत होती, वर लोणी घालत होती, आणि दर वेळी बाहेर गाडी वाजली की खिडकीकडे बघत होती. काहीच झालं नाही. कुणी वाचलं नसेल. किंवा वाचून सगळे गप्प बसले असतील, आणि हे तर जास्तच वाईट. मुलांची दुसरी तुकडी बसली तेव्हा मुख्याध्यापिकांनी दारातून डोकं आत घातलं.

"सोलरुन, गुन्स्टेनचा फोन होता. तुला बरं नाहीये म्हणे? काळजीत होता अगदी. न्यायला येतोय तुला." मग हसून म्हणाल्या, "असला नवरा मिळायला नशीब लागतं हं!"

सोलरुनला सांगायचं होतं. तिने तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मुख्याध्यापिका एका सांडलेल्या दुधाकडे धावल्या.

मागचं दार ढकलून कुणीतरी आत आलं. सोलरुन दचकून भिंतीला टेकली. बेर्सीची बायको आल्फदीस होती. अंगावर कोट नाही, पायांत घरातल्या सपाता, त्यांवर बर्फ. तिने दार लावून घेतलं, कडी घातली, आणि कडी नीट बसली की नाही ते ओढून पाहिलं.

"आल्फदीस, तू जा इथून," सोलरुन कशीबशी म्हणाली. "तो येतोय."

"माहीत आहे. त्याने बेर्सीला फोन केला. तोही येतोय." आल्फदीसला धाप लागली होती. "मी वाचलं. म्हणजे आज नाही गं, पहिल्यापासून वाचतेय. रोज वाट बघायचे, आज काय लिहील म्हणून."

"मग तलावावर कधी काही बोलली नाहीस ती?"

"तू तरी कुठे बोललीस?" आल्फदीसने ओल्या हातांनी तिचा दंड पकडला. "काल त्यांनी माझ्या आईचं नाव टाकलं ना? बेर्सी घरी येऊन हसत हसत सांगत होता. चुकलं म्हणे." तिचा आवाज फाटला. "नाव तेवढं चुकलं, सोलरुन. बाकी सगळं माझंच होतं."

बाहेर जीप येऊन थांबली. दार आपटलं. मागोमाग दुसऱ्या गाडीचं दार आपटलं, आणि मागच्या दाराची मूठ कुणीतरी बाहेरून फिरवली.

"राणी?" गुन्स्टेनचा आवाज आला. "दार उघड. घरी जाऊ."

आल्फदीसची बोटं सोलरुनच्या दंडात रुतली होती. मग जेवणाऱ्या सगळ्या मुलांच्या माना वळतील एवढ्या मोठ्याने सोलरुनने मुख्याध्यापिकांना हाक मारली.