पाय बाजूला घ्या

“पाय बाजूला घ्या, बाई. हातब्रेक ओढलाय ना? मग पाय बाजूला.”

बाईंनी निमूटपणे दोन्ही पाय मागे घेतले. कानसेनने बॉनेटखाली मान घातली, डोळे मिटले आणि डावा कान इंजिनाकडे केला. इंजिन एका लयीत चाललं होतं. धाप नाही, खोकला नाही, अडखळणं नाही. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं बसणाऱ्या पोरासारखी गाडी उभी होती. दीड महिन्यातली ही पाचवी खेप, आणि पाचही वेळा तिने हेच सोंग केलं होतं.

कानसेन हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी दिलेलं. बॉनेट उघडायच्या आधीच तो कितवा प्लग गेलाय ते सांगायचा, आणि ते खरं निघायचं. गाडी फाटकातून आत येतानाच निम्मं काम झालेलं असायचं. चौतीस वर्षं त्या कानाने त्याला एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं. त्यामुळे या सव्वीस वर्षांच्या पांढऱ्या गाडीचा त्याला मनापासून राग आला होता.

“इथे बरी चालते हो,” बाई खिडकीतून म्हणाल्या. “चौकात सिग्नलला उभी राहिली की मान टाकते.”

“कार्बोरेटर दोनदा खोलला बाई. प्लग नवीन, फिल्टर नवीन. पाइप एकेक करून तपासले, कुठे हवा ओढत नाही. आयडलिंगचा स्क्रू तर फिरवून फिरवून झिजला असेल.”

“आणि ब्रेक कडक लागतो ते?”

“ब्रेकचं समोरच्या दुकानात. मी ब्रेकला हात लावत नाही.”

“समोरचा म्हणतो ब्रेक उत्तम आहेत, इंजिनाचं तिकडे दाखवा.”

कानसेनने पुन्हा बॉनेटखाली मान घातली. बाईंनी सारा जन्म टायपिंगचा क्लास चालवला होता. मुलं की-बोर्डकडे बघू लागली की त्या पाठीमागून येऊन बोटांवर रुमाल टाकायच्या. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत साहेब होऊन निवृत्तही झाली. क्लास बंद झाला, यजमान गेले, पण गाडी राहिली. दर बुधवारी बाई आपल्या तीन मैत्रिणींना घेऊन तलावावर पोहायला जायच्या. चौघींची वयं मिळवली तर तीनशेच्या जवळ जातील, पण काठावरचा गोंधळ असा की पहारेकऱ्याने शिट्टी वाजवावी.

मागच्या बुधवारी चौकात गाडी तीनदा बंद पडली. मागच्या सीटवरची एक मैत्रीण हळूच म्हणाली, “मी आपली पुढच्या वेळी बसने येते हं.” ते बाईंच्या जिव्हारी लागलं. घरी मुलानेही तोच धागा पकडला. आई, तुझा पाय आता क्लचवर नीट बसत नाही, किल्ली देऊन टाक. शेवटी बाईंनी शब्द दिला. या बुधवारपर्यंत दुरुस्त झाली तर झाली, नाही तर किल्ली तुझी.

आज बुधवार होता. आणि सकाळीच मुलाचा कानसेनला फोन आला होता.

“काका, गाडी चांगली आहे हे तुम्हालाही माहीत आहे. आईचं वय झालंय. तिला तुम्हीच सांगा. तुमचं ती ऐकेल.”

“बघतो,” असं कानसेन म्हणाला होता. खरं तर त्यालाही तसंच वाटू लागलं होतं. आपल्या कानाला काही ऐकू येत नाही म्हणजे गाडीत काही नाही, असा त्याचा सरळ हिशोब. मग राहिला पाय. पण हे बाईंच्या तोंडावर सांगायचं कसं, या विचाराने त्याने सकाळपासून चार वेळा चहा मागवला होता.

त्याने बॉनेट लावलं, फडक्याला हात पुसले, खिडकीपाशी आला आणि आत हात घालून इंजिन बंद केलं.

“बाई, एक बोलू का? राग मानू नका.”

“माझा पाय, असंच ना?” बाईंनी समोर काचेतून बघत विचारलं. “मुलाचा फोन आला असेल.”

कानसेन पुसलेले हात पुन्हा पुसू लागला. दुकानाच्या पुढच्या भागात त्याची बायको स्पेअर पार्टचा गल्ला सांभाळायची. ती हातातलं काम टाकून इकडे बघू लागली.

“मिस्त्री, हा पाय चाळीस वर्षं गाडी चालवतोय,” बाई म्हणाल्या. “माझा दोष असेल तर मी आत्ता किल्ली देते, रडणार नाही. पण मला खात्री करून द्या. तुम्ही बसा इथे. चौकात आहोत असं समजा. तुमच्याकडून बंद पडली नाही तर माझा पाय वाईट.”

“मी?” कानसेन दोन पावलं मागे सरकला. “मी बसत नाही.”

हे खरंच होतं. त्याच्या वस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गिऱ्हाइकाच्या सीटवर आपली तेलकट विजार टेकता कामा नये. वस्ताद जाऊन वीस वर्षं झाली, पण कानसेनने तो शब्द पाळला होता. किल्ली तो खिडकीतून हात घालून फिरवायचा. गाडी हलवायची तर बाहेरूनच एका हाताने स्टिअरिंग धरून ढकलायचा. फेरी मारायला मालकाला पाठवायचा आणि आपण फाटकात कान लावून उभा राहायचा. त्या सभ्यपणाचा त्याला अभिमान होता.

“अहो, बसा की!” बायको गल्ल्यावरून ओरडली. “लग्नात बोहल्यावर बसायलाही असेच आढेवेढे घेतले होते यांनी, बाई.”

बाई हसल्या. बायकोने एक मोठं खोकं फाडून पसरट केलं आणि ते सीटवर अंथरलं. आता माघार घ्यायची तर दोन बायकांसमोर अब्रू जाणार. बाई उतरल्या आणि कानसेन अंग चोरून, देवळात शिरावं तसा आत बसला.

आतून सगळं वेगळंच दिसत होतं. बॉनेट दूरवर पसरलेलं, त्यापलीकडे त्याचं स्वतःचं दुकान, गल्ल्यावरची बायको. चौतीस वर्षांत त्याने आपलं दुकान असं कधी बघितलंच नव्हतं. त्याला उगाचच बरं वाटलं.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं.

“बघा,” तो म्हणाला.

“काय बघा? तुम्ही हातब्रेकवर आहात. चौकाला उतार आहे. तिथे माणूस काय करतो?”

“काय करतो?”

“ब्रेक दाबतो, मिस्त्री!”

कानसेनने ब्रेकवर पाय ठेवला आणि दाबला. पेडल कडक होतं. त्याच क्षणी इंजिनाचा आवाज खाली बसला, गाडी अंगभर थरथरली, आणि त्याच्या पायापाशी कुठेतरी सू… असा बारीक आवाज आला. त्याने पाय काढला. इंजिन सावरलं. पुन्हा दाबला. पुन्हा सू…, आणि या वेळी गाडी साफ बंद पडली.

मग कानसेन मोठ्याने हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

“अगं, पायाशी आहे! पायाशी! आणि मी दीड महिना इंजिनात शोधतोय!”

तो उडी मारून बाहेर आला. ब्रेक हलका जावा म्हणून एक मोठा गोल डबा असतो, बूस्टर, आणि त्यातली हवा इंजिनाकडे ओढून घेणारा पाइप त्याला जोडलेला असतो. डब्याच्या आतला पडदा फाटला होता. ब्रेक दाबला की त्या फाटीतून भलतीच हवा इंजिनात शिरायची आणि त्याचा जीव गुदमरायचा. पाय काढला की फाट मिटायची. कानसेनने तो पाइप काढून त्याचं तोंड बूच मारून बंद केलं आणि बाईंना आत बसवलं.

“दाबा!”

बाईंनी ब्रेक दाबला. इंजिन जसंच्या तसं चालत राहिलं.

“अजून जोरात!”

“अहो, पाय मोडेल माझा!” बाई ओरडल्या, पण आनंदाने ओरडल्या.

दर वेळी मीच यांना पाय बाजूला घ्यायला सांगत होतो, हे कानसेनला तेव्हा लख्ख दिसलं. त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा मोठा आनंद झाला.

बायकोने समोरच्या दुकानात जाऊन जुना पण धड बूस्टर मिळवला, आणि येताना तिथल्या मिस्त्रीलाही ओढत आणलं. दोघांनी मिळून तो बसवला. “तू इंजिन बघ, मी ब्रेक बघतो, आणि बाईंनी चौकात ढकलत बसायचं, होय ना?” समोरचा म्हणाला. दोघंही खो-खो हसले. साडेतीनपर्यंत काम झालं.

मग कानसेनने स्वतःहून मुलाला फोन लावला. बाई शेजारीच उभ्या होत्या.

“सांगितलंत का काका तिला?” पलीकडून आवाज आला.

“सांगितलं. बाईंचा पाय ठणठणीत आहे. त्या दीड महिना खरं सांगत होत्या, मलाच ऐकू आलं नाही. चूक माझी होती, बाळा. गाडीची थोडी, माझी जास्त.”

“मग आता?” मुलाने विचारलं.

बाईंनी फोन हातातून काढून घेतला. “आता मी पोहायला चाललेय. उशीर होतोय. ठेव.” मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, “जेवून घे वेळेवर.”

त्या गाडीत बसल्या, आरसा नीट केला, आणि फाटकातून बाहेर पडल्या. कानसेन, त्याची बायको आणि समोरचा मिस्त्री, तिघंही फाटकात येऊन उभे राहिले. चौक तिथून दिसायचा. सिग्नल लाल झाला. पांढरी गाडी उतारावर थांबली, मागचे लाल दिवे लागले. कानसेनने डावा कान तिकडे केला. इंजिन चालू होतं.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तिच्या मागच्याने दिला.

“का जात नाहीत बाई?” बायको घाबरून म्हणाली. “बंद पडली की काय?”

“नाही गं,” कानसेन म्हणाला. “चालूच आहे. ब्रेक दाबून ऐकत बसल्यात.”

खिडकीतून बाईंचा हात बाहेर आला आणि मागच्यांना थांबा अशी खूण करत तसाच राहिला. ब्रेकचे दिवे अजून लागलेलेच होते.