मिशीवाली सवत

माझा नवरा इसाबेलिनो गेला, आणि नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला माझी सवत दारात हजर. झुपकेदार मिशा, एक पाय ओढत चालणं. फ्रोइलान. माल्विनास बेटांसाठी इंग्रजांशी झालेल्या लढाईत हे दोघं एकाच खंदकात होते.

सवत मी उगाच म्हणत नाही. नवऱ्यानं अख्खा संसार माझ्याशी केला, पण लढाईबद्दल माझ्याजवळ चकार शब्द काढला नाही. हा फ्रोइलान दर एप्रिलात यायचा आणि दोघं संत्र्याच्या झाडाखाली ऊन उतरेपर्यंत खिदळत बसायचे. मी जवळ गेले की चिडीचूप. आणि येर्बा, भोपळ्याच्या तुंब्यात पाला घालून, गरम पाणी ओतून नळीनं ओढायचा आमचा कडू चहा! मी दिलेला पहिला तुंबा संपवला की इसाबेलिनो 'आभार' म्हणून परत करायचा. आमच्या कोरिएन्तेस प्रांतात आभार म्हटलं की झालं, त्या माणसाला पुन्हा भरून द्यायचं नसतं. उरलेली किटली मी एकटीनं संपवायची. फ्रोइलानबरोबर मात्र किटल्यांवर किटल्या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

प्रार्थना आटोपली, चिपाचे पाव वाटून झाले, बायका आपापल्या घरी गेल्या. हा आपला झाडाखाली, इसाबेलिनोच्या रिकाम्या खुर्चीला खेटून. मेल्यावर तरी सोड की त्याला! पण पाहुणा पडला. किटली घेऊन गेले.

"काय माणूस होता, वहिनी! साहेबांच्या भटारखान्यातून मेंढीची तंगडी पळवली होती पठ्ठ्यानं. रात्री माझे गारठलेले पाय काखेत धरून झोपायचा."

"मला काय ठाऊक, भावजी? सांगायचं ते सगळं तुम्हाला सांगितलं. माझ्या वाट्याला एक तुंबा आणि आभार!"

तो चमकला. "पहिल्यालाच आभार? रोज?"

"रोज. लग्न झाल्यापासून."

त्यानं मिशीवरून हात फिरवला. "खंदकात पाला चिमूटभर उरला होता. तोच वाळवून परत वापरायचो. पाणी डबाभर. माझा पाय सडायला लागला तेव्हापासून इसाबेलिनो पहिला तुंबा घ्यायचा आणि म्हणायचा, आभार. राहिलेलं सगळं मला. शिव्या घातल्या तरी ऐकायचा नाही."

"मग इथं तुमच्याबरोबर किटल्या कशा रिचवायचा?"

"वसुली, वहिनी! म्हणायचा, तिथं माझ्या वाटणीचं ढोसलंस, आता मी पिणार आणि तू बघणार."

मी खुर्चीत बसले. इसाबेलिनोच्याच. खुळ्या माणसा, घरात पाल्याची गोणी भरलेली असायची! मला उरलेलं पाणी नको होतं, तू समोर हवा होतास. आणि हेही मला या मिशाळाच्या तोंडून कळावं? रडू आलं, आणि रागही तेवढाच आला.

डोळे पुसून मी तुंबा भरला. फ्रोइलाननं संपवला, नळी पुसून माझ्यापुढे धरला. "आभा—"

"खबरदार!" मी तुंबा हिसकावला. "तो शब्द या घरात एकाचाच. मुकाट्यानं प्या."

किटली रिकामी होईपर्यंत मी त्याला उठू दिलं नाही.